क्रमांक बावन्नचं शेवटचं पान

जे पुस्तकांची यादी ठेवतात ते वाचत नाहीत, नुसती यादीच ठेवतात, असं नारायणराव देवस्थळींचं ठाम मत होतं. म्हणून एक जानेवारीला चहाचा कप खाली ठेवून त्यांनी घोषणा केली, "यंदा बावन्न पुस्तकं! आठवड्याला एक! आणि यादीबिदी काही नाही!"

"मग मोजणार कसं?" त्यांच्या पत्नी विनयाताईंनी विचारलं.

"ते माझ्यावर सोड!"

वालचंदनगरला कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस. ज्या कागदाच्या कोपऱ्यात क्रमांक, तारीख आणि सही नाही, तो कागद त्यांच्या लेखी जन्मालाच आलेला नसे. तीच पद्धत त्यांनी ग्रंथालयाच्या पुस्तकांना लावली. पुस्तक संपलं की शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, टोकदार पेन्सिलीनं, छापल्यासारख्या अक्षरात: क्रमांक, तारीख, एका ओळीचा अभिप्राय आणि खाली 'ना. दे.' घरी फ्रिजवर फक्त आकडा बदलायचा.

विनयाताईंनी अटी घातल्या. शेवटचं पान वाचल्याशिवाय पुस्तक मोजणीत धरायचं नाही, आणि शेवट त्यांना सांगायचा. "आणि बावन्न झाली नाहीत, तर पुढचं वर्षभर घरात एकही नवं पुस्तक येणार नाही. बारामतीच्या दुकानाकडं बघायचंसुद्धा नाही!"

महिन्यातून एकदा बारामतीला जाऊन कोऱ्या पुस्तकाचा वास घेतला नाही, तर नारायणरावांना जेवण जात नसे. तरी ते हसले. एक जानेवारीला माणूस कशालाही हसतो.

एकतीस डिसेंबरच्या दुपारी फ्रिजवर एक्कावन्न होतं आणि हातात बावन्नावं! रहस्यकथा. एका दवाखान्याच्या मालकाचा खून झालेला. दोनशे बाराव्या पानावर इन्स्पेक्टरनं सगळ्यांना एका खोलीत कोंडलं आणि म्हटलं, "खुनी इथंच आहे, आणि तो म्हणजे..."

नारायणरावांनी पान उलटलं. पुढं पुठ्ठा!

त्यांनी पुठ्ठ्याकडं असं पाहिलं, जणू खून त्यानंच केला होता.

"कंपाउंडरच आहे तो!" ते ओरडले. "शंभर टक्के!"

"पान वाचलंत?" आतून आवाज आला.

"पानच नाहीये!"

"मग पुस्तकही नाही. दिवे लागेपर्यंत वेळ आहे."

दहा मिनिटांत नारायणराव ग्रंथालयात. ग्रंथपाल सिद्धूनं रजिस्टर उघडलं. "काका, तुमच्या आधी हे अंथुर्ण्याच्या करुणामॅडमच्या कार्डावर गेलंय. पण मॅडम शाळेत. वाचतात त्यांच्या सासूबाई. लक्ष्मीबाई."

"फोन लाव!"

"वाचताना त्या फोन उचलत न्हाईत. आणि काका, आज पाचला बंद हां!"

स्कूटर अंथुर्णे गावाकडं निघाली. वाटेत उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर असा चालला होता, की ऊस गाळपाला नाही, हवापालटाला निघाला असावा. नारायणरावांनी हॉर्न वाजवून वाजवून बसवला. ट्रॅक्टरवाल्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

लक्ष्मीबाई ओसरीवर भिंग घेऊन वाचत बसल्या होत्या. वय पंच्याहत्तर, नजर फौजदाराची.

"शेवटचं पान? हाय की माज्यापशी. फाडलं न्हाय हां, निखळलं व्हतं. मी ठिवून घेतलं. पुरावा हाय त्यो!"

"कसला पुरावा, मावशी?"

"कुणीतरी येक जण हाय. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिवतो! येकात न्हाय, दोनात न्हाय. शिकल्यालं दिसतंय, अक्षर छापल्यावानी. पर पुस्तक काय बापाची पाटी हाय का त्याच्या? आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तरी आमी पाया पडतो!"

नारायणरावांचं लक्ष घड्याळात होतं. पावणेतीन! "अगदी बरोबर! असल्या माणसाचं सभासदत्वच रद्द करायला हवं! ते पान जरा..."

"आसं? मग तुमीबी करा सही." लक्ष्मीबाईंनी तक्रारीचा अर्ज पुढं सरकवला. "येकटीचं कोण ऐकतंय?"

पान मिळत असेल तर नारायणरावांनी त्या घटकेला कशावरही सही केली असती. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी झोकात सही ठोकली आणि पान हातात घेतलं.

"...मालकाची धाकटी बहीण!"

बहीण? असो. झाली बावन्न! बारामती वाचली! मग त्यांची नजर घरंगळत कोपऱ्यात गेली.

'क्र. ११. ७ मार्च. खुनी दहाव्या पानावरच ओळखला. ना. दे.'

मान वर करायचा त्यांना धीर होईना. लक्ष्मीबाईंचं भिंग अर्जावरच्या सहीवर होतं. तिथून ते सावकाश सरकत पानावर आलं. पुन्हा अर्जावर गेलं. पुन्हा पानावर.

"तुमीच व्हय त्ये?"

"मावशी... पेन्सिल आहे. खोडता येतं."

"मग खोडा की!" त्यांनी नातीच्या कंपासपेटीतून गुलाबी खोडरबर काढला. "पाचपातूर समदी पुस्तकं कोरी झाली, तर अर्ज फाडते. न्हाईतर उद्या त्यो सिद्धूच्या टेबलावर. सही तर तुमचीच हाय!"

ग्रंथालयात सिद्धू रजिस्टर बघून पुस्तकं काढत होता आणि नारायणराव खोडत होते. घामानं चष्मा घसरत होता. क्रमांक एक ते एक्कावन्न सगळे सापडले, पण पुस्तकं भरली त्रेचाळीस! सगळ्यांचं बायंडिंग तांबडं, नवा आकडा टाकायच्या घाईत जुना कोण बघतो, आणि माणसानं किती लक्षात ठेवावं? एका कादंबरीत तर तीन क्रमांक होते. फेब्रुवारीत 'अप्रतिम!', जूनमध्ये 'बरी आहे' आणि ऑक्टोबरात 'लेखकाला सांगायचं तरी काय आहे?'

पाचला पाच कमी असताना शेवटचा आकडा पुसला गेला.

घरी विनयाताई मटार सोलत होत्या. "कोण निघालं?"

"मालकाची बहीण."

"हो. मार्चमध्येही तीच निघाली होती," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तेव्हाही तुम्ही कंपाउंडरवर अडून बसला होतात."

"मग दुपारीच बोलायचं नाही का!"

"तुम्ही इतके रंगला होतात. म्हटलं, कशाला सांगा शेवट?"

नारायणरावांनी फ्रिजवरचं एक्कावन्न पुसून त्रेचाळीस लिहिलं. वर्षभर बारामती बंद! पण ते फार खचले नव्हते, कारण येताना त्यांनी ग्रंथालयातून एक पुस्तक आणलं होतं. अगदी न वाचलेलं. आरामखुर्चीत बसून त्यांनी वीस पानं सलग वाचली.

"अगं, काय लिहितो हा माणूस! इतकी वर्षं होता कुठं? हे झालं पुढच्या वर्षाचं पहिलं!"

आणि किती पानं आहेत ते बघावं म्हणून त्यांनी शेवटचं पान उघडलं. कोपऱ्यात खोडरबराची गुलाबी भुकटी अजून तशीच होती.