ट्रॅक्टर गळतोय, पण यांना सांगू नका

सासऱ्यांनी जाताना मला एकच गोष्ट सांगितली होती, ट्रॅक्टरला हात लावू नका. मी हात लावला नाही. मी पाना लावला.

झालं असं, की सासरे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी थोरल्या मुलीकडे, म्हणजे माझ्या साडूंकडे, निघाले. मी आणि बायको सासऱ्यांच्याच घरी राहतो (याला लोक घरजावई म्हणतात, मी 'सोय' म्हणतो). ऑपरेशननंतर ट्रॅक्टर चालवायचा नाही, असं डॉक्टरांनी सासऱ्यांना बजावलं होतं. तेव्हा परत आल्यावर किल्ली कोणत्या जावयाच्या हातात द्यायची, याचा निकाल लागणार होता. साडूंनी एकदा भर रस्त्यात, सगळ्यांदेखत गाडीचं चाक बदललं होतं, तेही पांढऱ्या शर्टाला डाग न लागू देता. यंत्रांच्या बाबतीत माझ्या नावावर एकच कामगिरी होती, ती म्हणजे ऑफिसच्या स्टेपलरमध्ये अडकवलेलं स्वतःचं बोट. तरी मला ती किल्ली हवी होती. इतकी वर्षं मी त्या घरात जेवतोय, पण 'हे यांना जमेल' असं माझ्याबद्दल सासऱ्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज शेडमध्ये डोकावलो, तर ट्रॅक्टरच्या मागच्या भागाखाली जमीन ओली. बोट लावून हुंगलं. तेल. हा ट्रॅक्टर माझ्या बायकोपेक्षा वयाने मोठा. मागचा नांगर उचलणारी त्याची हायड्रॉलिक लिफ्ट तेलावर चालते, आणि तेल गेलं की नांगर जमिनीवरच ठाण मांडतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. तेल किती आहे ते बघायची काठी कधीच हरवली होती. तिच्या जागी सासऱ्यांनी लाकडी खुंटी ठोकली होती, आत काय चाललंय ते त्यांनाच ठाऊक. म्हटलं, एक नट आवळून बघू. एका नटाने काय होणार आहे?

एका नटाने काहीच झालं नाही, म्हणून दुसरा आवळला. तिसऱ्याला पाना सटकला आणि माझं कोपर मडगार्डवर असं काही आपटलं की सासूबाई धावत आल्या. मी व्यायाम करतोय, असं त्यांना सांगितलं. (त्यांचा विश्वास बसला नाही. मला व्यायाम करताना अजून कुणी पाहिलेलं नाही.) जमिनीवरचा डाग त्यांनी लगेच हेरला. यांना कळलं तर बीपी वाढेल, फोनवर अवाक्षर काढायचं नाही, अशी त्यांनी मला तंबी दिली आणि मग आत जाऊन बायकोलाही दिली.

मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कुठून गळतंय? मी म्हटलं, खालून.

"साहेब, पडतं सगळं खालीच," तो म्हणाला. "येतंय कुठून ते बघा आधी."

मग त्याने पद्धत सांगितली. मागचा भाग रॉकेलच्या फडक्याने लख्ख पुसायचा, वर पावडर भुरभुरायची, ट्रॅक्टर सुरू करून लिफ्ट वरखाली करायची आणि पावडर कुठे भिजते ते बघायचं. पाइपवर मात्र हात फिरवायचा नाही, प्रेशरचं तेल कातडीत घुसतं, हाताऐवजी पुठ्ठा धरायचा. मी जाणकारासारखी मान डोलावली आणि एक रबरी पाइप व मूठभर वॉशर विकत घेतले. नुसता सल्ला घेऊन दुकानातून निघायची मला लाज वाटते.

घरात पावडरचा एकच डबा होता, बायकोचा, तिच्या मैत्रिणीने भेट दिलेला. तो मी संपेपर्यंत भुरभुरला आणि ट्रॅक्टर सुरू केला. पहिल्याच थरथराटात सगळी पावडर उडाली आणि माझ्यावर येऊन बसली. ट्रॅक्टर कुठे गळतोय ते कळलं नाही, मी मात्र कुठेही गळत नाही हे सिद्ध झालं. बायको आली, तिने हवा हुंगली, रिकामा डबा उचलून पाहिला आणि तो घेऊन परत गेली. जेवताना माझ्या ताटात भाजी नव्हती.

मग मी पाइप बदलला. सकाळी पुन्हा ओलं. वॉशर बदलले. सकाळी आणखी ओलं. ऑफिसातली रजा वाढवून घेतली, कारण म्हणून 'घरातील ज्येष्ठाची प्रकृती' असं लिहिलं (ट्रॅक्टरचं वय बघता हे खोटं नव्हतं). एवढं तेल जातंय म्हणजे आत खडखडाट असणार, या भीतीने मी रोज सकाळी गुपचूप खुंटी काढून थोडं नवं तेल ओतत होतो. तेवढीच मनाला शांती.

शनिवारी सासऱ्यांचा फोन आला. उद्या थोरले जावई मला गाडीने घेऊन येतायत, आल्या आल्या दोघा जावयांनी शेतात एकेक चक्कर मारायची, ज्याचा हात बसेल त्याला किल्ली.

आता एकच उपाय उरला होता, स्वतः नजर ठेवायची. नांगर जमिनीला टेकवला, चाकांना विटा लावल्या आणि जेवण झाल्यावर ट्रॅक्टरखाली उताणा झोपलो. शेडमध्ये छान गारवा होता. गळती पकडायची म्हणून डोळे ताणून बघत होतो, तोच डोळा लागला.

जाग आली ती पावलांच्या आवाजाने. सासूबाईंच्या चपला अगदी माझ्या कानाशी येऊन थांबल्या. वर खुंटी निघाली, बराच वेळ गुळगुळ आवाज झाला, खुंटी बसली आणि चपला निघून गेल्या. लगेच माझ्या कपाळावर टपकन एक थेंब पडला. मी तो पुसतोय तोवर दुसऱ्या चपला आल्या. या बायकोच्या. पुन्हा खुंटी, पुन्हा गुळगुळ. या खेपेला थेंब नव्हता, धार होती, आणि माझं तोंड आश्चर्याने उघडं होतं.

"अगं, पुरे कर," मी खालून म्हणालो.

ट्रॅक्टर बोलला असं वाटून तिच्या हातातला कॅन सुटला आणि उरलेलं तेलही मलाच मिळालं.

मी बाहेर आल्यावर तिथेच बैठक भरली. सासूबाई सासऱ्यांच्या बीपीसाठी रोज ओतत होत्या. बायको खाली बघत म्हणाली, "म्हटलं, गळतंय तर गळू दे, पण उद्या लिफ्ट तरी उचलायला हवी. दाजींसमोर तुमची फजिती झालेली मला नाही बघवणार." पावडर प्रकरणानंतरही हिच्या मनात माझ्यासाठी एवढं आहे हे ऐकून मला फार बरं वाटलं, आणि डोळे चुरचुरले. (डोळ्यांत तेलही होतं.)

म्हणजे तिघं मिळून एकाच टाकीत ओतत होतो. टाकी काठोकाठ भरून तेल वरच्या हवेच्या नळीतून बाहेर पडत होतं आणि मागून ओघळत होतं. बाबा बाजूचा एक बोल्ट काढून पातळी बघतात, हे बायकोला आठवलं. बोल्ट काढला. एक बादली भरली, दुसरी लावली, तीही भरली, तेव्हा कुठे धार थांबली. रविवारी सकाळी पाहिलं तर खाली ठणठणीत कोरडं.

सासरे काळा चष्मा लावून आले ते थेट शेडमध्ये. बादल्यांकडे बघून त्यांनी फक्त "हे काय?" एवढंच विचारलं, आणि कुणालाही काही न सांगायची शपथ घातलेल्या सासूबाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. साडू रुमाल तोंडाला लावून हसत होते. सासरे मात्र खुंटीकडे बघत राहिले.

"निघायच्या आदल्या दिवशी मीच कॅनभर जास्त ओतलं होतं," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, मागे तुम्हाला त्रास नको."

म्हणजे ट्रॅक्टर मुळात गळतच नव्हता. आधी सासूबाईंना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, आता शोभलात आमच्या घरातले," असं ते म्हणाले. मला खरंच भरून आलं. मग त्यांनी ट्रॅक्टरला लावलेली किल्ली काढली. मी हात पुढे केला, साडूंनीही केला. ती त्यांनी माझ्या बायकोच्या हातावर ठेवली. डोकं हिचंच चाललं, म्हणाले. ते मला पटलं. निदान साडूंना तरी मिळाली नाही.

जाता जाता ते थबकले. दोन्ही बादल्या भरल्या होत्या ना, मग ही दुसरी अर्धीच कशी?

"वाया कशाला घालवायचं?" मी अभिमानाने म्हणालो. "माझ्या स्कूटरच्या पेट्रोलच्या टाकीत ओतलं."

सासऱ्यांनी माझ्यापुढे हात केला. शाबासकी समजून मी तो जोरात हलवला. त्यांनी शांतपणे तो सोडवून घेतला आणि पुन्हा पुढे धरला.

"स्कूटरची किल्ली," ते म्हणाले.

तीही बायकोच्या हातात गेली, आणि साडू लगबगीने जाऊन आपल्या गाडीपुढे उभे राहिले.