तरंगल्याचा दाखला

"सूनबाई, एक लक्षात ठेवा. कागदावर सही आली की माणसाकडे कोणी बघत नाही. एकतीस वर्षं मी पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले तपासले. सही दिसली की फाईल बंद. माणूस आहे की नाही, कोण बघतंय?"

समोरच्या दारातले काका हे म्हणाले, तेव्हा मी पॅनमध्ये लोणी वितळवत होते. "हो ना काका," म्हणून मी गॅस बारीक केला. लोणी करपू नये याकडे माझे पूर्ण लक्ष होते. काकांकडे नव्हते.

प्रकरण साधे होते. माझी मुलगी चिंगी, वय तीन वर्षे दोन महिने, पाळणाघरात जाते आणि डब्यात फक्त न्योकी खाते. न्योकी म्हणजे दुकानात पाकिटातून मिळणाऱ्या, अंगठ्याच्या पेराएवढ्या, बटाट्याच्या गोळ्या. मिठाच्या उकळत्या पाण्यात टाकायच्या, दोन-तीन मिनिटांत वर तरंगल्या की काढायच्या. इतर कोणतेही अन्न चिंगी गालात साठवते आणि संध्याकाळी मला साभार परत करते. त्या वर्षी तिचे वजन दोनदा उतरले होते. डॉक्टरांनी तक्त्यावर बोट ठेवून नुसते "हं" म्हटले होते, आणि त्या एका "हं"ने माझा तीन आठवडे जीव टांगणीला लागला होता. तेव्हा न्योकी हा आमच्याकडे पदार्थ नव्हता, उपचार होता.

अशात पाळणाघराचे परिपत्रक आले. डब्यातील अन्न पूर्ण शिजल्याची खात्री पालकांनी लेखी द्यावी. अर्जात एक रकाना होता : 'शिजल्याची खूण'. बाकीच्या आयांनी तिथे "हो" लिहिले. मी पदवीधर. मी लिहिले, "तरंगते."

दुसऱ्या दिवशी संचालिकाबाईंनी मला आत बोलावले.

"तरंगते, हे कोणी पाहिलं?"

"मी."

"तुम्ही आई आहात. आईची साक्ष आम्ही हितसंबंधी धरतो. राग मानू नका."

"मग माझे मिस्टर—"

"ते त्याच भांड्यातलं खातात ना?"

"खातात."

"मग झालं तर!" असे म्हणून त्यांनी माझ्यापुढे 'नमुना त' ठेवला. तरंगल्याचा दाखला. साक्षीदार घराबाहेरचा, सज्ञान आणि डोळ्यांनी धड असावा. दाखला नसल्यास डबा न उघडता परत पाठवला जाईल.

काका एकटे राहत. डोळ्यांनी धड होते आणि कागद म्हटला की त्यांच्या अंगात तरतरी येई. रोज सकाळी सात चाळीसला ते स्वतःचे पेन घेऊन येत आणि पातेल्यावर वाकून मोजत. "तरंगली. तरंगली. ही अजून विचार करतेय. हां, तरंगली." तीस भरल्या की सही : एक मोठे वेटोळे आणि खाली दोन ठिपके. मोबदला म्हणून मी त्यांना बशीभर न्योकी देई. त्या ते आमच्या स्टुलावर बसून खात, आणि चिंगी त्यांच्या गुडघ्याला टेकून त्यांच्या बशीतल्या पळवी.

आठ दिवसांत चिंगीने उकडलेल्या न्योकी नाकारल्या. "बुळबुळीत," ती म्हणाली. काकांनी तोडगा काढला.

"पाण्यात घालूच नका. पाकिटातून काढून थेट पॅनमध्ये टाका. लोणी, जरा लसूण. आणि हलवायच्या नाहीत! एक बाजू लाल होईपर्यंत हाताची घडी घालून उभं राहायचं. तुमच्यासारखी काळजी करणारी बाई उगाच ढवळत बसते, सूनबाई. म्हणून त्यांचा लगदा होतो."

मी हाताची घडी घातली. न्योकी बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ झाल्या. चिंगीने बारा खाल्ल्या. मी बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले आणि डबा भरला. डबा परत आला.

"या पाण्यातच पडल्या नाहीत, तर तरंगल्या कुठे?" संचालिकाबाईंनी विचारले.

"पॅनमध्ये शिजल्या ना त्या. खाऊन बघा."

"चव आमच्या कार्यकक्षेत येत नाही."

मी एक प्रातिनिधिक न्योकी उकळून सोबत पाठवली. पाळणाघराच्या आहार समितीने ती विचारार्थ ठेवून घेतली आणि कळवले, की उकळलेली न्योकी परतलेल्या न्योकींचे प्रतिनिधित्व करू शकत नाही. मग मी सगळ्या आधी उकळू लागले, फडक्यावर कोरड्या करून मग परतू लागले. यावर समितीचे म्हणणे पडले, की पुसलेल्या न्योकीवर तरंगल्याची खूण राहत नाही, सबब परतताना दुसरी सही घ्यावी. काका दोनदा वाकू लागले. कंबर धरून, पण आनंदाने.

सॉसचे प्रकरण त्याहून गंभीर निघाले. सॉस हे समितीच्या मते आच्छादन होते, आणि आच्छादनाखाली काय चालले आहे हे कळायला मार्ग नसतो. टोमॅटोचा सॉस वेगळ्या डबीत मागवण्यात आला. चीज आणि क्रीमच्या सॉसवर बंदी आली, कारण पांढऱ्यात पांढरे दिसत नाही. ज्यात न्योकी उकळल्या ते पाणी चमचाभर घातले की सॉस न्योकीला छान धरतो, हे मी भाबडेपणाने अर्जात लिहिले, तर "सांडपाण्याचा पुनर्वापर" असा शेरा येऊन पडला. एकदा छोटे टोमॅटो, लसूण आणि न्योकी एकाच ट्रेमध्ये ओव्हनला लावल्या. वीस मिनिटांत टोमॅटो फुटले आणि तेच सॉस झाले. समितीने विचारले, टोमॅटो फुटले तेव्हा साक्षीदार कुठे होता?

साक्षीदार आमच्या ओव्हनसमोर मांडी घालून बसला होता. "दहावा फुटला!" असे चिंगीला सांगत होता. त्या दिवशी चिंगीने अठरा खाल्ल्या.

मग एका सोमवारी काका आले नाहीत.

पाळणाघराचे फाटक सव्वाआठला बंद होते. मी सात पंचावन्नपर्यंत वाट पाहिली.

"आजोबा कुठे?" चिंगी म्हणाली.

"येतील हं. बूट घाल."

आणि मी सही केली. एक वेटोळे, दोन ठिपके. हुबेहूब आली. मंगळवारी आणखी बरी आली. बुधवारी मी शेराही लिहिला : "सर्व तीस तरंगल्या. पैकी एक उशिरा." तो वाचून माझे मलाच हसू आले. काका मुलीकडे गेले असतील, असे मी ठरवून टाकले होते. घंटा वाजवावी असे मनात आले नाही असे नाही. पण त्यांनी दार उघडले असते तर खोट्या सहीचे सांगावे लागले असते. त्यांच्या दाराशी वर्तमानपत्रांच्या तीन गुंडाळ्या पडल्या होत्या. त्या मी पाहिल्या. चिंगीचा पाय घसरू नये म्हणून मीच त्या बाजूला सरकवल्या.

गुरुवारी दुपारी चिंगीला आणायला गेले, तर संचालिकाबाई प्रथमच माझ्याकडे बघून हसल्या.

"तुमच्या काकांच्या मुलीला फारच बाई काळजी! बाबा फोन उचलत नाहीत म्हणून तुमच्या वॉचमनला विचारलं, वॉचमनने आम्हाला. मी नोंदवही काढून सांगितलं, काका ठणठणीत आहेत, आज सात चाळीसची सही आहे. कालचा तर शेरासुद्धा आहे! बिचारीचा जीव भांड्यात पडला."

माझा भांड्यातून बाहेर आला. चिंगीला कडेवर घेऊन मी घरापर्यंत पळत सुटले. घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवल्यावर आतून बारीक आवाज आला.

"दार उघडंच आहे. सोमवारपासून."

काका स्वयंपाकघरात, फरशीवर, भिंतीला टेकून बसले होते. घोटा पपईएवढा सुजलेला. हाताशी पाण्याचा तांब्या आणि न्योकीचे फाडलेले पाकीट.

"निघालोच होतो तुमच्याकडे. घसरलो," ते म्हणाले. "फोन कपाटावर राहिला. हाका मारल्या, पण तुमच्या धुराच्या पंख्यापुढे माझं काय चालणार? मग या खाल्ल्या. कच्च्या. न तरंगलेल्या. विनादाखला."

चिंगी त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि पाकिटात हात घालू लागली.

"काका, मी—"

"रोज तुमच्या पातेल्याचा आवाज यायचा. म्हटलं, चला, सात चाळीस झाले. माझ्यासाठी नाही, पण सहीसाठी तरी येतील."

मी आधी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, मग त्यांच्या मुलीला. स्ट्रेचरवर चढवताना त्यांनी मला जवळ बोलावले.

"दोन ठिपके दिलेत ना खाली?"

"दिले, काका."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

काकांना सहा आठवड्यांचे प्लास्टर आहे. समितीने घटनेची गंभीर दखल घेतली असून, यापुढे साक्षीदार हयात असल्याचा दाखला 'नमुना त'ला जोडायचा आहे. त्यावर दुसऱ्या साक्षीदाराची सही लागेल. मी अजून एकही जोडलेला नाही. सकाळी चिंगीला घेऊन समोरच्या घरी जाते, काकांच्याच शेगडीवर न्योकी परतते, आणि पाळणाघराच्या वाटेला लागण्याआधी ती त्यांच्या बशीतून पोटभर खाते. डबा रिकामाच पाठवते. त्यावर अद्याप हरकत आलेली नाही.

आता तुमचे. तुमच्याही फोनवर आज सकाळी कुणीतरी फुलाचे चित्र आणि शुभ सकाळ पाठवले असेल, आणि ते पाहून तुम्ही ती फाईल बंद केली असेल. ते चित्र त्यांनीच पाठवले, की कुणाच्या तरी हातून आले, हे एकदा बघून या. पॅनखालचा गॅस बंद करा. परत येईपर्यंत न्योकी गार झाल्या तर पुन्हा गरम होतात. दोनदा घंटा वाजवूनही कोणी आले नाही, तर तिसऱ्यांदा वाजवा.