पिवळ्या छत्रीमागची माणसं

घड्याळजींची बायको गेल्याचं सकाळी कळलं आणि दुपारपर्यंत गल्लीभर झालं. कळलं नाही ते फक्त जुन्या साहेबी बंगल्यांच्या रस्त्यावर, शेवटच्या बंगल्यात एकट्या राहणाऱ्या आजींना. त्यांच्याकडे फोन नव्हता.

मेहुणी म्हणाली, “दाजी, मी सांगून येऊ का?”

“छे. तिच्या जिवाभावाच्या आजी त्या. मीच सांगणार. दोन वाक्यांचं तर काम.”

ते दोन वाक्यांचं काम महिनाभर रखडलं. घड्याळजी रोज संध्याकाळी निघायचे आणि तिसऱ्या बंगल्यापाशी पाय परत फिरायचे. घरी बसवत नव्हतं, पुढे जाववत नव्हतं.

एका रविवारी ऊन फार होतं, म्हणून त्यांनी दारामागची बायकोची पिवळी छत्री उघडली. हीच छत्री धरून ती पाहुण्यांना हे बंगले दाखवायची. नाक्यावरचं हॉटेल सवयीने पाहुण्यांना अजूनही सांगत होतं, पिवळी छत्री दिसली की मागे चालू लागा.

घड्याळजी पहिल्या बंगल्यापाशी घुटमळले. मागे आठ-दहा माणसं घुटमळली. ते वळले, तीही वळली.

“काका, हे खांब किती जुने?”

“माझ्याहून जुने.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. एका बाईंनी फोटो काढला, खांबांचा नाही, घड्याळजींचा.

“अहो, माझ्या मागे कशाला येताय?”

“बरोबर आहे,” एक टकले गृहस्थ बाकीच्यांना म्हणाले, “जरा अंतर ठेवून चाला रे.”

घड्याळजींनी पाय उचलले. मंडळी पळू लागली. तिसरा बंगला कधी मागे पडला ते कळलंच नाही, आणि समोर आजींचं फाटक आलं. परतायला वाट नव्हती, मागे सगळी वरात उभी.

“आज तुम्हाला पाठवलं होय?” आजी व्हरांड्यातून म्हणाल्या. “आणि ती कुठाय?”

घड्याळजींनी घसा खाकरला. “आजी, ती आता येणार नाही.”

“गुडघे ना? कधीची सांगतेय, त्या चपला टाकून दे. ऐकेल तर शपथ.” आजी आत गेल्यासुद्धा. दुसरं वाक्य घड्याळजींच्या तोंडातच राहिलं. मंडळी तोवर पायऱ्या चढून खिडक्यांचे फोटो काढू लागली होती.

आजी तेलाची बाटली घेऊन आल्या. “कोमट करून चोळा. तुम्ही चोळा हां, तिच्यावर सोडू नका.”

“हो,” घड्याळजी म्हणाले.

घरी मेहुणीने बाटली पाहिली, मग त्यांच्याकडे पाहिलं.

“सांगितलंत?”

“एक वाक्य सांगितलं.”

दुसरं सांगायचं अजून राहिलंय.