टॉमच्या निवडणुकीपायी सोडलेला चहा

सुनेत्रानं देवासाठी आजवर कांदा सोडला होता, वांगं सोडलं होतं, एकदा वर्षभर साखरसुद्धा सोडली होती. चहा मात्र कधी नाही. उपासाला चहा चालतो, ही आपल्या वाडवडिलांची मोठीच कृपा, असं ती मनापासून मानायची. त्यामुळे पंच्याऐंशी सालच्या जूनमधल्या त्या गुरुवारी आपल्या तोंडून ते कसं निघून गेलं, हे तिचं तिलाच कळलं नाही.

झालं असं, की शेजारची नोरा डोळे पुसत मागच्या दारानं आली. अमेरिकेत, या बेलव्ह्यू गावात येऊन तिला वीस वर्षं झाली होती, पण माहेर आयर्लंडचं. तिचा धाकटा भाऊ टॉम तिकडे कौंटी कौन्सिलला, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या निवडणुकीला उभा होता. दोनदा हरला होता. आज तिसऱ्यांदा मतदान होतं.

"या खेपेला हरला तर तो गावात तोंड दाखवणार नाही," नोरा म्हणाली. "मी चर्चमध्ये मेणबत्ती लावून आले. तू तुझ्या देवाला सांग ना."

देवाला सांग म्हटल्यावर नुसते हात जोडून थांबेल ती सुनेत्रा कसली! तिनं गणपतीपुढे निरांजन लावलं आणि म्हणाली, "देवा, टॉमला निवडून आण. निकाल लागेपर्यंत मी चहाला शिवणार नाही."

अंदाज सरळ होता. गुरुवारी मतदान, शुक्रवारी मोजणी, की दुपारचा चहा.

शुक्रवारी अकराला नोरा आली. "टॉम सातवा आहे!"

जागा होत्या पाच. सुनेत्राला वाईट वाटलं. वाईट वाटता वाटताच तिनं आधण ठेवलं आणि आलं किसायला घेतलं. "जाऊ दे गं. पुढच्या वेळी येईल."

"पुढच्या वेळी कशाला? ही तर पहिलीच मोजणी!"

मग नोरानं खुर्ची ओढून समजावून सांगितलं. तिकडे मतदार एकालाच शिक्का मारून मोकळा होत नाही. उमेदवारांना एक, दोन, तीन असे नंबर देतो. मोजणीत जो तळाला, तो बाद. त्याच्या चिठ्ठ्या ज्यांना दोन नंबर दिलाय त्यांच्यात वाटायच्या आणि पुन्हा मोजायचं. पुन्हा तळाचा बाद.

"म्हणजे उरलेल्या पोळ्या टाकायच्या नाहीत, फोडणीची पोळी करायची," सुनेत्रा म्हणाली. "बरं आहे की. उमेदवार किती?"

"चौदा."

सुनेत्रानं शेगडी बंद केली.

शनिवारी सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं. आमटीत मीठ दोनदा पडलं. गिरीशनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, पहिल्या घासाला पाणी मागितलं, दुसऱ्या घासाला पाण्याचा अख्खा जगच.

"आई, जस्ट ड्रिंक कॉफी!" बारा वर्षांची उत्तरा म्हणाली.

"करेक्ट!" गिरीश म्हणाला. "कॉफी कुठे सोडलीयस तू?"

"अहो, देवाला एवढंही कळत नाही का?"

संध्याकाळी नोराचा फोन आला. चार जागा भरल्या होत्या. पाचव्या जागेसाठी डोनोव्हन नावाच्या उमेदवारापेक्षा टॉम तीन मतांनी पुढे होता, आणि डोनोव्हननं फेरमोजणी मागितली होती.

"कधी?" सुनेत्राचा आवाज चिरकला.

"सोमवारी. उद्या रविवार ना, सगळे चर्चला."

रविवार कसा गेला ते सुनेत्रालाच ठाऊक. सोमवारी उजाडता उजाडता ती गणपतीपुढे उभी राहिली. "देवा, टॉम येऊ दे." मग तिची नजर चहाच्या डब्याकडे गेली. आधीच तिचा आवाज मऊ. तो तिनं इतका खाली आणला, की गणपतीलाही कान पुढे करावा लागला असता. "डोनोव्हन आला तरी माझी हरकत नाही. पण आजच येऊ दे."

नऊ वाजता नोरा अनवाणीच धावत आली. "आला! टॉम आला!"

घडलं होतं ते असं. उत्तरानं रविवारी कुंपणावरून नोराला सांगून टाकलं होतं, की तुमच्या भावापायी आमच्या आईचा चहा बंद आहे. नोराच्या माहेरी चहाची किटली कधी गार पडत नाही. तिनं छातीवर हात ठेवला आणि टॉमला फोन केला. टॉमनं सोमवारी मोजणीच्या सभागृहात ते सगळ्यांना सांगितलं. उपास तिथे कुणाला नवा नव्हता. पण चहा? चार दिवस? डोनोव्हनचीच माणसं त्याच्याकडे टकमक बघायला लागली. शेवटी त्याची ऐंशी वर्षांची आई काठी आपटत उठली. "तीन मतांसाठी त्या बाईला आणखी किती दिवस ताटकळत ठेवणार आहेस रे?"

डोनोव्हननं फेरमोजणीची मागणी मागे घेतली.

"सगळं तुझ्या प्रार्थनेमुळे!" नोरानं तिला मिठी मारली. सुनेत्रानं दोन कप चहा लागोपाठ घेतला. तिसरा मात्र काही केल्या गोड लागेना.

दोन आठवड्यांनी नोरा एक पार्सल घेऊन आली. आत आयरिश चहाचा भलामोठा डबा आणि डोनोव्हनची चिठ्ठी होती. 'बाईसाहेब, तुमच्या चहानं मला हरवलं. पुढच्या निवडणुकीत तो माझ्यासाठी सोडाल का? कृपया कळवावे.'

बिचारा! या माणसासाठी आपण देवाकडे अर्धा शब्द टाकला होता, तोही स्वतःच्या स्वार्थासाठी. सुनेत्रा लगेच उत्तर लिहायला बसली. गिरीशनं खांद्यावरून वाकून वाचलं.

"'तुमच्यासाठीही जरूर सोडेन. या वेळी कारलं सोडायचं ठरवलं आहे.' अगं, पण तू जन्मात कधी कारलं खाल्लंयस?"

"हळू बोला," सुनेत्रा देव्हाऱ्याकडे पाठ करत म्हणाली. "निवडणुकीतलं आश्वासन आहे ते."

आणि तिनं डोनोव्हनच्या चहाचं आधण ठेवलं.