अगत्याची अचानक तपासणी

लेख अडीच पानांचा होता. त्यातली पहिली सव्वादोन पानं मधुसूदन पारसनीसांनी आठ दिवसांत निकालात काढली होती. स्टेशन ते महाराजवाडा हे अंतर त्यांनी स्कूटरवर दोनदा जाऊन मोजलं, बिर्लानगरच्या मिलच्या पुढचं 'आहे' खोडून 'होती' केलं, आणि 'शहर रमणीय आहे' या वाक्याशेजारी 'कोणाच्या मते?' असं लिहून पान उलटलं. आता शेवटचं एक वाक्य उरलं होतं आणि गाडी तिथंच अडली होती.

'येथील लोक अगत्यशील असून घरी आलेल्या पाहुण्यास काही खाल्ल्याशिवाय जाऊ देत नाहीत.'

समासात लाल पेन्सिलीनं एकच शब्द पडला होता: 'आधार?'

"अहो, याला कसला आधार पाहिजे?" राजलक्ष्मीबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "साऱ्या दुनियेला माहीत आहे."

"साऱ्या दुनियेला माहीत आहे, याला ऑडिटात पुरावा म्हणत नाहीत."

राजलक्ष्मीबाईंनी मेथीकडे पाहिलं. नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा तिच्यातून काहीतरी निष्पन्न होण्याची शक्यता जास्त होती.

पारसनीसांचे पूर्वज ग्वाल्हेर दरबारात फारसी पत्रं वाचून दाखवायचे. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायचं आणि त्यात खोच काढायची, हे या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. स्वतः मधुसूदनरावांनी सरकारी ऑडिटात एकतीस वर्षं तेच केलं. हजारो पानांचे अहवाल लिहिले, पण अहवालावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. त्यांचं नाव आयुष्यात एकदाच छापून आलं होतं, स्वतःच्या लग्नपत्रिकेवर, आणि तेही वडिलांच्या नावाखाली. म्हणून पुण्याच्या कोशमंडळाचं पत्र आलं, 'ग्वाल्हेर ही नोंद तपासून द्यावी, नोंदीखाली समीक्षक म्हणून आपले नाव देण्यात येईल', तेव्हा त्यांनी ते पत्र चष्मा पुसून तीनदा वाचलं. फक्त एक अट होती. 'प्रत्येक विधान मी स्वतः पडताळले आहे' अशा दाखल्यावर सही करून शनिवारपर्यंत पाठवायचं. आणि न पाहिलेल्या गोष्टीवर सही करणारा पारसनीस अजून जन्माला यायचा होता.

"मौका-मुआयना, म्हणजे जागेवर जाऊन पाहणी, करावी लागेल," ते म्हणाले. "घरोघर जायचं. अचानक."

"कोणाच्या?"

"ते सांगितलं तर अचानक कसलं?"

सोमवारी सकाळी खिशात छोटी वही घालून ते निघाले. पानावर 'पुणे कोशमंडळ: ग्वाल्हेर' असं शीर्षक आणि खाली रकाने आखलेले होते: पाणी, खाणे, आग्रह किती वेळा. नियम त्यांनीच ठरवले. आपण काही मागायचं नाही, दहा मिनिटांनी 'येतो' म्हणून उठायचं, आणि पुढं काय होतं ते पाहायचं.

पहिलं घर दर्पण कॉलनीतच, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, शांताताईंचं. शांताताई ब्याऐंशी वर्षांच्या, गुडघ्यांनी कामातून गेलेल्या. पारसनीस 'येतो' म्हणून उठले तशी त्यांनी काठी दारात आडवी धरली. "असं कसं जाऊन राहिले? लाडू खाऊनच जायचं." नोंद झाली: पाणी आहे, बेसनाचे लाडू दोन, आग्रह चार वेळा, पैकी एकदा काठीनं.

दुसरं घर बिर्लानगरात, मिलच्या जुन्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या संभाजीरावांचं. तिथं बसायला खाट एकच, पण तिच्यावर पाच मिनिटांत कोपऱ्यावरची डाळ भरलेली गरम बेडई पुरी आणि बटाट्याची भाजी हजर झाली. आग्रह सहा वेळा. पारसनीस समाधानानं स्कूटरवर बसले. वाक्य पास होण्याच्या मार्गावर होतं.

तिसरं घर महिपतराव काट्यांचं.

महिपतराव म्हणजे पारसनीसांचा चाळीस वर्षांचा दोस्त. पूर्वज फौजेत, हे स्वतः शाळेत पीटी मास्तर, आवाज अजूनही मैदानाच्या मापाचा. पारसनीस गेले तेव्हा ते मॅच बघत होते. "आओ पारसनीस," एवढं म्हणून त्यांनी उशी सरकवली आणि नजर पुन्हा टीव्हीकडे नेली. सुमनताई आतून म्हणाल्या, "भाऊजी आले का? पंखा लावा तुमचा तुम्ही." सून सोनिका फोनवर बोलत बोलत हसून गेली. दहा मिनिटं झाली. पारसनीस म्हणाले, "येतो."

"हं," महिपतराव म्हणाले. "दार ओढून घ्या."

पारसनीसांना तहान लागली होती. एरवी ते सरळ आत गेले असते, माठातून पाणी घेतलं असतं, डब्यातली तिळाची गजक काढून तोंडात टाकली असती. चाळीस वर्षं हेच चालत आलं होतं. पण आज ते दोस्त नव्हते, तपासनीस होते. त्यांनी वही काढली आणि प्रामाणिकपणे लिहिलं: 'म. काटे. पाणी: निरंक. खाणे: निरंक. आग्रह: निरंक.'

मग दार ओढून घेताना स्कूटरची किल्ली शोधायला दोन्ही खिसे उलटे केले, आणि वही काट्यांच्या व्हरांड्यातल्या खुर्चीवर राहिली.

ती सोनिकाला सापडली. तिनं त्या पानाचा फोटो काढला आणि मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पुण्याहून ग्वाल्हेरच्या मेहमाननवाजीचं इन्स्पेक्शन होऊन राहिलं आहे. आमचे बाबा फेल. बाकी सगळे सांभाळून राहा!'

दुपारपर्यंत शहरातल्या मराठी घरांत एक पातेलं मोकळं राहिलं नाही.

मंगळवारी पारसनीस राजलक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र दुरुस्तीला द्यायला सराफ्यात गेले, तर सराफानं आधी रबडी समोर ठेवली आणि मग मंगळसूत्र हातात घेतलं. "अहो, मी तपासणीला आलो नाहीये!" "हे तर तुम्ही सांगणारच ना, साहेब," सराफ डोळा बारीक करून म्हणाला, आणि आणखी एक वाटी आली. बुधवारी दिनकररावांनी त्यांना रस्त्यात अडवलं. "आमच्याकडे का नाही आले? आमचं घर ग्वाल्हेरात नाही का?" तिथं पुरणपोळी झाली. ती संपेपर्यंत शेजारच्या घरातून श्रीखंड येऊन बसलं होतं. शांताताईंनी फेरतपासणीसाठी निरोप पाठवला, पहिल्या वेळी तूप कमी पडलं होतं म्हणून.

"एकही नोंद धरता येत नाही," पारसनीस घरी येऊन पोट धरून म्हणाले. "यांना सगळ्यांना आधी कळलं आहे. सूचना देऊन केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे."

"मग न खाता यायचं होतं."

"खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत ना!"

"तेच तर लिहिलं आहे त्यात," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या, आणि हिंग घातलेलं ताक त्यांच्या हातात दिलं.

पण पारसनीसांचा हिशेब वेगळा होता. बातमी फुटण्याआधीची घरं तीन. त्यातलं एक निरंक. तिनातलं एक घर पाणीसुद्धा विचारत नसेल तर वाक्य खोडावंच लागणार. ते खोडलं तर ग्वाल्हेरात तोंड दाखवायला जागा नाही. ठेवलं तर दाखला खोटा. आणि सही केली नाही तर नोंदीखाली नाव नाही.

या सगळ्यापेक्षा एक गोष्ट जास्त टोचत होती. मंगळवारपासून महिपतराव सकाळी फिरायला आले नव्हते. पारसनीस तीन दिवस एकटेच बागेला फेऱ्या मारत होते आणि चौथ्या फेरीला, जिथं महिपतराव रोज त्यांच्या चालण्याची टिंगल करायचे, तिथं आपोआप हळू होत होते. एकदा फोन केला, तर सुमनताई म्हणाल्या, "ते घरातच आहेत, भाऊजी. पण ते म्हणताहेत की घरात नाही आहेत."

शुक्रवारी सकाळी पारसनीसांच्या घरची बेल वाजली. दारात महिपतराव. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. चाळीस वर्षांत या माणसानं बेल वाजवली नव्हती, मागच्या दारानं ओरडत यायचा.

"या," पारसनीस चाचरत म्हणाले.

"नमस्कार," महिपतराव म्हणाले, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. पारसनीसांची राहिलेली वही समोर ठेवली. मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर मांडलं. "अचानक तपासणी आहे. दस मिनट."

"महिपतराव, ऐका तर..."

"तपासणी करणाऱ्याशी बोलून दबाव टाकू नये. नियम असेलच ना तुमचा?"

दोघं बसून राहिले. पाच मिनिटं गेली. पारसनीसांना पाणी आणायला उठावंसं वाटलं, पण मग ते पुरावा बनवल्यासारखं होईल म्हणून ते बसले. सात मिनिटं झाली. एवढ्यात आतून राजलक्ष्मीबाईंचा आवाज आला. "कोण, महिपतराव आहेत का? बरं झालं. इथं या हो जरा, माझे हात कणकेत आहेत. दूध वर येऊन राहिलं आहे. गॅस बंद करा आणि आता आलाच आहात तर तीन कप चाय पण टाका. आलं फ्रिजच्या दारात आहे."

महिपतराव सवयीनं उठले. अर्ध्या वाटेवर त्यांना आपण कशासाठी आलो ते आठवलं, पण तोवर दूध कडेला आलं होतं. त्यांनी गॅस बंद केला. आलं किसलं. डब्यातली एक मठरी तोंडात टाकली. मग तीन कप घेऊन बाहेर आले, खाली ठेवले, पेन काढलं आणि वहीत लिहिलं. वही पारसनीसांकडे फिरवली.

'म. पारसनीस. पाणी: निरंक. खाणे: निरंक. आग्रह: निरंक. चहा: तपासणी करणाऱ्याने स्वतः केला, यजमानासह तिघांना दिला.'

पारसनीसांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांच्या खांद्यांना आतून हिसका बसू लागला. महिपतराव आधी रागानंच बघत होते, पण पीटी मास्तरला हसू दाबण्याचा सराव नसतो. दोघांच्या हसण्यानं राजलक्ष्मीबाई कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या, तशाच हातांनी कप उचलून एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "चायमध्ये साखर कोणी नाही घातली?"

त्याच दुपारी पारसनीसांनी वाक्य दुरुस्त केलं. 'येथील लोक घरी आलेल्या पाहुण्यास काही खाल्ल्याशिवाय जाऊ देत नाहीत. आपल्या माणसास मात्र काही विचारण्याची पद्धत नाही. तो उठून घेतो.' आणि दाखल्यावर सही ठोकून सगळं मेलनं पुण्याला धाडलं.

शनिवारी सकाळी पुण्याहून संपादिका सीमंतिनीबाईंचा फोन आला. महिपतराव शेजारीच बसले होते. फोन स्पीकरवर होता.

"सर, तुमचं वाक्य फार आवडलं. तसंच घेतलंय. खाली तुमचं नावही जातंय, मधुसूदन पारसनीस, ग्वाल्हेर."

पारसनीसांनी चष्मा काढून पुसला. फोन ऐकायला चष्मा लागत नाही, हे महिपतरावांच्या लक्षात आलं.

"खरं सांगू का सर," सीमंतिनीबाई पुढं म्हणाल्या, "ते मूळ वाक्य आमच्याकडे सगळ्याच शहरांच्या नोंदीत असतं. साचाच आहे तो. झाशी, इंदूर, सोलापूर, सगळीकडे तेच. आजवर कोणी तपासून बघितलं नव्हतं."

"सगळ्या शहरांच्या?" पारसनीसांचा आवाज बदलला. एकतीस वर्षांची नोकरी त्यात जागी झाली. "पुण्याच्या नोंदीतही?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"आहे सर."

"कोणी पडताळलं आहे?"

"नाही... म्हणजे, तसं अजून कोणी नाही."

पारसनीसांनी महिपतरावांकडे पाहिलं. महिपतरावांनी मोबाइल काढून गाड्यांचं वेळापत्रक बघायला सुरुवातही केली होती.

"कळवून जायचं की अचानक?" त्यांनी हळूच विचारलं.

"अचानक," पारसनीस म्हणाले. "दहा घरं तरी बघावी लागतील."

"मग दोघांचा तीन दिवसांचा डबा बांधून देते," राजलक्ष्मीबाई आतून म्हणाल्या. "पाणी पण इथूनच न्या."