नाकाखालची शिवण

आमचे शेजारी सुभेदार माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत. नाकाखाली बघतात. नाक आणि वरचा ओठ यांच्यामध्ये जी पन्हळ असते ना, तिथं. नवा माणूस भेटला की त्याच्या तोंडापुढं बोट नाचवत म्हणतात, "ही शिवण हाय तुमची. आईच्या पोटात तोंडाचं तुकडं दोन्हीकडनं आलं आन् हितं जुळलं. माशाचं कल्लं ज्या मालाचं, त्याच मालाचा तुमचा जबडा. देवानंबिवानं काय घडवल्यालं न्हाई!" माझ्या जावयाला त्यांनी हे भर साखरपुड्यात ऐकवलं. बिचारा अजूनही आमच्याकडे आला की रुमाल तोंडाशी धरून बसतो.

मलकापुरात आमची दोघांची भिंत एकच. त्यामुळे हा माणूस मला फुकट ऐकावा लागतो. फौजेतून सुभेदार निवृत्त झाले, आवाज मात्र नोकरीतच राहिला. गल्लीत सत्यनारायण असला की हे स्वतःच्या दारात खुर्ची टाकून उत्क्रांती सुरू करतात. भटजींचा आणि यांचा आवाज एकमेकांत मिसळतो आणि कुणाच्याच पदरात काही पडत नाही.

आपलं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी सगळी गल्ली यांच्या टीव्हीपुढं जमली होती. यान टेकलं आणि कुणीतरी हौसेनं उंबऱ्यावर नारळ फोडला. झालं! सुभेदार उठलेच. "यान कुणी उतरवलं रं? गणितं करून करून त्यांचं डोळं गेलं, आन् शाबासकी नारळाला? चला, डिसमिस! समदी भाईर!" पेढे त्यांनीच आणले होते. ते खोक्यातच राहिले. मी तर नारळ फोडला नव्हता, तरी मला पेढा मिळाला नाही, याचा राग मला आजही आहे.

खाण्यावरून आठवलं. कृष्णाकाठचं वांगं जगात कुठं मिळत नाही, आणि सुभेदारांच्या घरात वांगं शिजत नसे. त्यांच्या बायकोला, अक्कांना, वांगं उंबऱ्याच्या आत चालत नसे. का, ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्याकडे भरली वांगी झाली की वास भिंतीपलीकडे जातो आणि त्याच वाटेनं सुभेदार येतात. देव नाही हे पटवून देत देत पातेलं संपवतात. "लय झ्याक झालीत वैनी," असं माझ्या बायकोला म्हणतात आणि मिशा पुसतात.

त्यांची एकुलती एक लेक स्वाती, सांगलीला दिलेली. जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ दुभंगलेला होता. लहानपणीच मिरजेला ऑपरेशन झालं, आता फक्त एक बारीक रेघ दिसते. ती बाळंतपणाला माहेरी आली आणि नेमकं सूर्यग्रहण आलं. अक्कांनी आतल्या खोलीत अंथरूण घातलं, खिडकीला चादर लावली. पोरीनं हलायचं नाही, काही चिरायचं नाही.

सुभेदारांनी काय करावं? बाजारातून पिशवीभर वांगी आणली. अंगणात पाट टाकला, विळी मांडली आणि गल्लीला हुकूम सोडला, "गिराण लागलं की माझी लेक हितं बसून वांगी चिरणार हाय. समद्यांनी यायचं!" गल्लीसाठी ग्रहण बघायचे चष्मेही आणून ठेवले.

गल्ली पेटली. मीही पेटलो. तरातरा गेलो आणि म्हणालो, "सुभेदार, वाद जिंकायचाय ना, तर स्वतःच्या जिवावर जिंका! लेकीचं पोर कशाला डावाला लावताय? लाज वाटत नाही?"

मला वाटलं, आता गल्ली हादरणार. पण त्यांनी माझा दंड धरला आणि मला नळाजवळ नेलं.

"तात्या, स्वाती झाली तवा मी बॉर्डरवर हुतो. सुनंनं गिराणात वांगं चिरलं, म्हणून पोरीचा ओठ चिरला, असं माझ्या आईनं गावभर केलं. मी फौजंतल्या डॉक्टरला इचारलं. त्यो म्हणला, ओठ दुसऱ्याच म्हैन्यात जुळतोय. आन् गिराण लागलं तवा हिला सातवा हुता! ओठाचं कवाच ठरून गेलं हुतं. किती येळा सांगितलं हिला. मान हलवती, आन् पोर झोपली की तिच्या ओठावरनं बोट फिरवती."

"मग आता हा तमाशा कशाला?"

"आज पाळलं आन् पोर नीट झालं, तर काय ठरंल?" त्यांचा आवाज चढला. "तवा पाळलं न्हाई म्हणून बिघडलं! म्हंजी हिचा गुन्हा कायमचा पक्का. कळतंय का तुमाला?"

कळलं. माझा राग गेला नाही, फक्त त्याचं तोंड फिरलं. मी कधीही न पाहिलेल्या त्या म्हातारीचा मला असा संताप आला की ती समोर असती तर वयाचा मुलाहिजा ठेवला नसता. एका वांग्यापायी एका आईला जन्मभर जाळलं! आणि माझ्या घरची वांगी खाताना हा माणूस हे सगळं पोटात घेऊन बसत होता.

ग्रहण लागलं. ऊन पिवळट झालं, कावळे गप्प झाले. पोरंटोरं चष्मे लावून वर बघू लागली. स्वाती जपून पाटावर बसली आणि तिनं वांगं हातात घेतलं. तेवढ्यात दार उघडलं.

अक्का बाहेर आल्या. डोक्यावर पदर, चेहरा पांढराफटक. अक्का पाटाजवळ आल्या.

"सर," त्या लेकीला म्हणाल्या. "पोटावर वाकू नगंस. मी चिरते."

स्वाती सरकली, पण आत गेली नाही. तिथंच उन्हात बसून राहिली. अक्का पाटावर बसल्या आणि विळी पुढ्यात ओढली. एक वांगं चिरून पाण्यात पडलं. मग दुसरं. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "आवं, दुसऱ्याच म्हैन्यात व्हय?"

"व्हय," सुभेदार म्हणाले.

"डॉक्टरच म्हणला?"

"व्हय गं."

सत्यनारायणाला पुरून उरणारा तो आवाज, मला जेमतेम ऐकू आला.

संध्याकाळी सुभेदार स्वतः भाजीची वाटी घेऊन आमच्या दारात आले. भाजी खारट झाली होती, पण मी आणि बायकोनं वाटी रिकामी केली. ग्रहणाचा चष्मा अजून त्यांच्या कपाळावरच होता. जाताना ते उंबऱ्यात घुटमळले आणि चोरट्या आवाजात म्हणाले, "तात्या, गिराण कसं दिसलं वं? माझं वर बघायचंच ऱ्हायलं."