पाहुण्यांचं घर

गारखेड्यातलं घर विकायचं नाही, एवढंच वैजनाथरावांचं म्हणणं होतं. मुलगा शंतनू पुण्याहून दर रविवारी फोन करायचा. "बाबा, घरपट्टी वाढली, टँकर परवडत नाही, बिल्डर मागं लागलाय. देऊन टाका." वैजनाथराव ऐकून घ्यायचे आणि अंगणातल्या बाजेवर आडवे व्हायचे. उरलेलं आयुष्य याच घरात, याच सावलीत काढायचं, एवढाच त्यांचा बेत होता. जन्मभर पाटबंधारे खात्यात नोकरी केलेल्या माणसाला कोरड्या नळाशेजारीही लाटा दिसतात.

अशाच एका तंद्रीत त्यांना सुचलं की पुढची खोली वेरूळ-अजिंठा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना द्यावी. घरपट्टी परस्पर सुटेल. पाहुण्यांना काय आवडेल, याचाही त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि न्हाणीघरात पांढराशुभ्र टब बसवून घेतला.

"अहो, नळाला पाणी आठव्या दिवशी येतं," यमुनाबाई म्हणाल्या. "यात भरणार काय?"

"फोटोत कुठं कळतं पाणी आहे का नाही ते."

यमुनाबाईंनी टब नीट निरखला. एवढं मोठं, नवंकोरं भांडं घरात दुसरं नव्हतं. पुढच्या वेळी नळ आला तेव्हा त्यांनी पिण्याचं पाणी गाळून त्यात भरलं, तुरटी फिरवली आणि वर धुतलेलं धोतर पसरलं.

पहिली पाहुणी आली ती मार्ता. कुठल्यातरी दूरच्या समुद्रातल्या बेटावरची. उन्हानं लाल झालेल्या त्या बाईनं न्हाणीघराचं दार उघडलं, धोतराखालचं काठोकाठ पाणी बघितलं, आपल्यासाठीच हे सगळं केलंय असं समजून हात जोडले आणि आतून कडी लावली.

यमुनाबाई धावत येईपर्यंत उशीर झाला होता. कामाला येणारी पाचोडची चतुराबाई रिकामी कळशी घेऊन दाराशी उभी होती.

"काकू, दार वाजवू का?"

"थांब जरा."

आत पाणी डुचमळत होतं. मधूनच ओंजळभर वर जायचं आणि सावकाश खाली पडायचं. मार्ता काहीतरी गुणगुणत होती. वैजनाथरावही आले. तिघं भिंतीला टेकून खालीच बसली.

"लई दिसानं ऐकला असा आवाज," चतुराबाई म्हणाली.

आठवड्याचं पिण्याचं पाणी चाललं होतं, पण दार कुणी वाजवलं नाही. वैजनाथरावांचा तर डोळा लागला.

बाहेर आल्यावर मार्ताला सगळं कळलं आणि ती फार ओशाळली. शेजारून आणलेल्या पाण्याच्या चहावर, वैजनाथरावांच्या कचेरीतल्या इंग्रजीतून, तिची कहाणी निघाली. तिच्या बेटाभोवती पाणीच पाणी, पण बेटावर तिला राहायला जागा नव्हती. घरं सगळी पाहुण्यांना गेली होती.

"आम्हीही आधी पुढचीच खोली दिली होती," ती म्हणाली.

"मग तुम्ही कुठं राहायचात?" यमुनाबाईंनी वैजनाथरावांना विचारायला लावलं.

"थोडे दिवस स्वयंपाकघरात."

यमुनाबाईंनी आपल्या स्वयंपाकघराकडे बघितलं. वैजनाथराव समुद्राचा विचार करत होते.

मार्तानं जाताना मोबाइलवर लिहिलं, की या घरात दुष्काळातही आठवड्याचं पाणी पाहुण्याच्या आंघोळीला देतात. झालं. तसल्या आंघोळीसाठी लोकांची रीघ लागली. टँकर वाढले. मग घरपट्टीचा कारकून आला आणि टब बघून म्हणाला, "काका, हे घर राहिलं नाही, धंदा झाला. पट्टी धंद्याची लागंल." ती भरायला मधली खोली दिली. मधल्या खोलीला पाणी पुरवायला गच्चीवरची दिली. बाज पाहुण्यांना फोटोसाठी आवडायची, तीही गेली. शेवटी दोघं स्वयंपाकघरात झोपायला लागली, आणि पाहुणे भल्या पहाटे चहा मागायला लागल्यावर तेही सुटलं.

जवळपास एखादी खोली भाड्यानं मिळते का, म्हणून त्यांनी दलाल बन्सीला विचारलं. बन्सी हसला.

"गारखेड्यात आता कुठली खोली, काका? तुमचं बघून समद्या गल्लीनं पाव्हणे ठेवलेत. चिकलठाण्याच्या पल्याड बघू."

किल्ल्या चतुराबाईच्या कमरेला लागल्या आणि दोघं चिकलठाण्याच्या पल्याड एका खोलीत राहायला गेली. घर विकावं लागलं नाही, हे वैजनाथराव शंतनूला अभिमानानं सांगत. एका दुपारी मात्र यमुनाबाई म्हणाल्या, "मला माझ्या घरात झोपायचंय." आणि त्यांना रडू आलं. वैजनाथरावांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत त्यांना प्रथमच लाटा दिसल्या नाहीत.

घर महिनाभर भरलेलं होतं. मधे एक रात्र रिकामी सापडली, ती त्यांनी स्वतःच्या नावानं, पूर्ण भाडं भरून घेतली. पिशवी घेऊन दोघं फाटकात आली. तिला शिकवल्याप्रमाणं चतुराबाईनं हात जोडले, "या पाव्हणं," म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले.

सकाळी ऊन पलंगापर्यंत आलं तरी दोघांना जाग नव्हती. चतुराबाईनं हळूच दार वाजवलं.

"काकू, खोली मोकळी करायची येळ झाली. नवे पाव्हणे फाटकात उभे हायेत."

"दुपारपर्यंत थांबलं तर चालेल का?" यमुनाबाईंनी आतून विचारलं.

"मालकाला इचारावं लागंल, काकू."

यमुनाबाईंनी शेजारी बघितलं.

"मालक झोपलेत," त्या म्हणाल्या. "उठवू नकोस." आणि उठून त्यांनी आतून कडी लावली.